अन्नविवेक : आवड कोणाची?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेच्या तीन प्रकारांचे निरूपण झाल्यावर भगवान श्रीकृष्ण महाराजांनी आहाराचा विषय घेतला आहे. यज्ञ, तप आणि दान हे विषय त्यानंतर येतात. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. मनुष्य कशावर श्रद्धा ठेवतो हे सांगून झाल्यावर तो काय खातो हे सांगितले आणि मग तो काय करतो, काय सोसतो व काय देतो हे सांगितले. श्रद्धा आणि आचरण यांच्या मध्ये अन्न ठेवले आहे.

सातव्या श्लोकापासून दहाव्या श्लोकापर्यंतचे हे विवेचन सामान्यतः पदार्थांच्या यादीसारखे वाचले जाते. अमुक पदार्थ सात्त्विक, अमुक राजस, अमुक तामस, असे ठरवून वाचक मोकळा होतो. परंतु विवेचनाचा रोख पदार्थावर आहे त्याहून अधिक खाणाऱ्यावर आहे. कोणत्या वृत्तीच्या मनुष्याला कोणते अन्न प्रिय असते, असा तो विचार आहे. ‘प्रिय’ हा शब्द या प्रकरणाचा प्राण होय. आवड ही येथे अंतःकरणाची खूण मानली आहे. धुरावरून अग्नी ओळखावा, तशी आवडीवरून वृत्ती ओळखावी.

येथेच वर्तमानकाळी एक कठीण प्रश्न उभा राहतो. आवडीवरून वृत्ती ओळखता येते हे खरे. पण ती आवड खाणाऱ्याची स्वतःची असेल तरच. ज्या आवडीची घडण कारखान्यात आणि जाहिरातीच्या कचेरीत झाली, तिच्यावरून खाणाऱ्याची वृत्ती कशी ओळखावी? त्या आवडीने जो दोष घडतो तो कोणाच्या माथी मारावा? आणि अशी उसनी आवड बाळगणाऱ्याला इंद्रियनिग्रहाचा उपदेश करताना नेमके काय सांगावे? या प्रश्नांचा निर्णय केल्याशिवाय ‘ताजे व सकस अन्न खावे’ एवढेच म्हणणे हा केवळ वैद्यकीय सल्ला होईल. धर्मविचार होणार नाही.

संस्कार आणि विकार

प्रथम लक्षण निश्चित केले पाहिजे. धान्यावर कोणतीही क्रिया झाली की ते अन्न दूषित झाले, असे म्हणता येणार नाही. ज्वारी दळावी लागते, भाकरी भाजावी लागते, दुधाला विरजण लावावे लागते. उन्हाळ्यात घरोघरी पापड, कुरडया, सांडगे वाळतात. कैरीचे लोणचे वर्षभर टिकते. या सर्व क्रियाच आहेत. त्यांना दोष देणे म्हणजे स्वयंपाकालाच दोष देणे होय. अन्नाला पचण्याजोगे, रुचकर आणि अडचणीच्या दिवसांत पुरणारे करणाऱ्या क्रियेला संस्कार म्हणावे.

याहून वेगळी एक क्रिया आहे. तिच्यात धान्याचे घटक एकमेकांपासून सुटे केले जातात. पीठ, साखर, तेल आणि मीठ यांची कृत्रिम वास, रंग व चव आणणाऱ्या द्रव्यांशी नव्याने जुळणी केली जाते आणि मूळ धान्य ओळखूही येणार नाही असा पदार्थ सिद्ध होतो. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली हाच भेद पुढे मांडला आणि त्यांच्या मंडळींनी अन्नाचे चार वर्ग केले. मूळ रूपातील किंवा अल्प क्रिया झालेले अन्न हा पहिला वर्ग. तेल, तूप, साखर, मीठ ही स्वयंपाकाची द्रव्ये हा दुसरा. या दोहोंच्या मिश्रणाने साध्या रीतीने केलेले टिकाऊ पदार्थ हा तिसरा. आणि कारखान्यातील जुळणीने बनलेले पदार्थ हा चौथा. ब्राझील सरकारने २०१४ साली प्रजेसाठी जी आहारविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, ती याच भेदावर उभी आहे. घरचे लोणचे आणि बाजारातील चटपटीत पुडी दोन्ही टिकतात, म्हणून दोन्ही सारखीच, असे म्हणणाऱ्याला हा भेद उपयोगी पडेल.

जे जिवंत ते नासते

या चौथ्या वर्गातील पदार्थ इतके दिवस टिकतात कसे, याचा शोध घेतला म्हणजे विषयाचे मर्म हाती लागते. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात : वरचा कोंडा, आतील गर आणि एका टोकाला असलेला अंकुर. अंकुरात स्निग्धांश असतो. त्याच्यातूनच नवे रोप उगवते, आणि त्याच्यामुळेच दळलेले पीठ काही काळाने खवट होते. पीठ महिनोन्महिने टिकावे, दूरदेशी जावे, दुकानाच्या फळीवर पडून राहावे अशी इच्छा असेल तर अंकुर काढून टाकावा लागतो. कोंडाही जातो. उरतो तो पांढराशुभ्र गर, म्हणजे मैदा. तात्पर्य, जे जिवंत आहे ते नासते. नासू नये म्हणून त्यातील जिवंतपणाच काढून घ्यावा लागतो. फार काळ टिकणे हा मैद्याचा गुण मानला जातो, परंतु तो त्याच्यातील उणिवेचा परिणाम आहे.

भाताच्या बाबतीत या उणिवेची किंमत माणसांनी प्राण देऊन मोजली आहे. गिरणीत कोंडा पूर्ण काढलेला पांढरा तांदूळ आग्नेय आशियात सर्रास खाल्ला जाऊ लागल्यावर ‘बेरीबेरी’ नावाच्या व्याधीने असंख्य लोक लुळे पडले व मेले. बटाविया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे काम करणारे डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान यांना १८९० नंतरच्या काही वर्षांत असे दिसून आले की, पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना तशीच व्याधी होते आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. पांढऱ्या भातात काही विष असावे, असे त्यांना आरंभी वाटले. दोष भातात काही शिरल्याचा नसून भातातून काही गेल्याचा आहे, हे त्यांचे सहकारी खेरिट ग्रिन्स यांनी १९०१ साली ओळखले. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दोष नेहमी मिसळलेल्या वस्तूचाच असतो असे नाही, काढून घेतलेल्या वस्तूचाही असतो, हा या इतिहासाचा बोध आहे.

विदर्भभूमीला हा विचार नवीन नाही. १९३४ साली वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. महात्मा गांधी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि साखरेऐवजी गूळ यांचा मगनवाडीतून आग्रह धरला. गावाची रोजी टिकवणे आणि गावाचे अन्न टिकवणे ही दोन कामे त्यांनी एकच मानली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९३७ साली, ‘डालडा’ या नावाने वनस्पती तूप बाजारात आले. वनस्पतीज तेल तापवून त्यात हायड्रोजन वायू मिसळला की ते तुपासारखे घट्ट होते. दिसायला तूप, वासाला तुपाजवळचे, किमतीला स्वस्त. ते इतके घरोघर गेले की, ‘डालडा’ हे व्यापारी नाव त्या वस्तूचेच नाव होऊन बसले. या क्रियेत निर्माण होणारे ‘ट्रान्स’ जातीचे स्निग्धांश हृदयाला घातक आहेत, हे पुढे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. भारतात अशा स्निग्धांशाचे तेला-तुपातील प्रमाण १ जानेवारी २०२२ पासून शेकडा दोनच्या वर असू नये, असा नियम झाला. बाजारात येण्यापासून या बंधनापर्यंत पंच्याऐंशी वर्षे गेली. एवढ्या काळात किती पंगती उठल्या असतील याचा विचार ज्याने त्याने करावा.

उसनी आवड

आता मूळ प्रश्नाकडे यावे. पोषणाच्या उणिवेहून गंभीर बाब आवडीच्या घडणीची आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस प्रौढ व्यक्तींना संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखानी अन्न आणि दोन आठवडे साधे, मूळ रूपातील अन्न देण्यात आले. पुढे ठेवलेल्या ताटात उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश व तंतू यांचे प्रमाण दोन्ही वेळा जुळवून ठेवले होते, आणि हवे तितके खाण्याची मोकळीक होती. तरीही कारखानी अन्नाच्या दिवसांत त्या व्यक्तींनी रोज सुमारे पाचशे कॅलरी अधिक खाल्ल्या. त्यांचे वजन सुमारे नऊशे ग्रॅमने वाढले, आणि साध्या अन्नाच्या दिवसांत तितकेच उतरले. विशेष हे की, दोन्ही प्रकारचे अन्न त्यांना साधारण सारखेच आवडले होते. म्हणजे अधिक आवडले म्हणून अधिक खाल्ले, असेही नव्हे. ‘पुरे’ हा शब्द जिव्हेवर येण्याच्या आतच घास पोटात गेला होता.

प्रयोग लहान आहे. परंतु त्याचा बोध साधकाने मनावर घ्यावा असा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही असे सांगून युक्त आहाराची आवश्यकता सांगितली आहे. युक्त म्हणजे मापात. पण माप कळण्यासाठी तृप्तीचा अनुभव यावा लागतो. ज्वारीची भाकरी चावावी लागते. दोन भाकरी झाल्या की पोट आपण होऊन थांबा म्हणते. तोंडात घालताच विरघळणारा, खारट-गोड-तेलकट असा पदार्थ तृप्तीला बोलूच देत नाही. निग्रहाचा विचार जिव्हा आणि मन यांच्यामधील झगडा म्हणून केला जातो. येथे त्या झगड्यात तिसराच पक्ष शिरला आहे, आणि तो जिव्हेच्या बाजूने वेतन घेऊन लढतो.

जाहिरातीचे काम याच्याही आधी सुरू होते. पदार्थ तोंडात जाण्यापूर्वी त्याचे चित्र मनात जाते. हसणारे मूल, प्रेमळ आई, बलवान खेळाडू यांच्याशी त्या पुड्याची गाठ घातली जाते. मग पुडा मागणारे मूल वास्तविक पुडा मागत नसते. चित्रातील ते प्रेम, ते बळ, तो मान मागत असते. आणि डब्यात भाकरी घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलाला आपल्या डब्याची लाज वाटू लागते. जिने पहाटे उठून ती भाकरी थापली त्या मातेलाही तीच लाज वाटू लागते. या लाजेत फार मोठी हानी आहे. आपल्या शेतात पिकलेले, आपल्या हाताने केलेले आणि आपल्या लेकराला हितकर असलेले अन्न मनुष्याला हीन वाटू लागले, तर त्याच्या विवेकाचे माप दुसऱ्याच्या हाती गेले असे समजावे.

बालकांच्या बाबतीत जगाने हा दोष मान्य केला आहे. मातेच्या दुधाऐवजी डब्यातील दुधाची भुकटी विकण्यासाठी केलेल्या प्रचाराने गरीब देशांत अर्भकांची हानी होते, हे ध्यानात आल्यावर जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ साली अशा विक्रीप्रचाराविषयी आचारसंहिता संमत केली. भारताने १९९२ साली कायदा करून तसल्या जाहिरातींना बंदी घातली आणि २००३ साली तो कायदा अधिक कडक केला. पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने विक्रेत्या संकेतस्थळांना असे बजावले की, ‘आरोग्यपेय’ असा कोणताही वर्ग अन्नविषयक कायद्यात नाही. त्या सदराखाली पेये विकू नयेत. वर्षानुवर्षे माता ज्याला आरोग्य समजून दुधात कालवत होत्या, त्या नावाला कायद्याचा आधारच नव्हता.

शंका आणि समाधान

पहिली शंका अशी की, दोष जर विकणाऱ्याचा, तर खाणारा निर्दोष ठरतो काय? समाधान असे की, दोषाचे वाटे करता येतात. पण एकाचा वाटा सिद्ध झाल्याने दुसऱ्याचा नाहीसा होत नाही. जोपर्यंत मनुष्याला कळले नव्हते तोपर्यंत तो फसला होता. कळल्यावरही तो तेच करीत राहिला, तर आता तो फसलेला नाही, सामील आहे. बालकाला मात्र हा न्याय लागू नाही. त्याच्या आवडीचा भार त्याला वाढवणाऱ्यांवर आहे.

दुसरी शंका दारिद्र्याची आहे. ज्याच्या घरी भाजीला पैसे नाहीत त्याला ताज्या अन्नाचा उपदेश करणे हा निष्ठुरपणा नव्हे काय? दोन-पाच रुपयांची पुडी मजुराच्या मुलाची भूक तेवढ्यापुरती भागवते, फळ तेवढ्यात येत नाही, हे खरे आहे. म्हणून हा उपदेश प्रथम त्यांना आहे ज्यांना निवड आहे. तथापि अंबाडी, तांदुळजा, घोळ, चाकवत, जवसाची चटणी, ज्वारीच्या कण्या, हे श्रीमंतांचे अन्न कधीच नव्हते. गरिबांचे अन्न पूर्वी साधे होते, पण सत्त्वहीन नव्हते. ते त्यांच्या हातून सुटले, याला केवळ त्यांची आवड कारण नाही. स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ आले आणि कोरडवाहू रानातील ज्वारीचा पेरा घटला, हेही कारण आहे. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा हीच ज्वारी-बाजरी शहरातील दुकानांत सुंदर वेष्टनात, चढ्या किमतीला दिसू लागली. जी भाकरी गरिबाला लाजेची वाटावी असे केले गेले, तीच श्रीमंताला प्रतिष्ठेची म्हणून विकली गेली. दोन्हीकडे बाजारच बोलला.

तिसरी शंका स्त्रियांच्या कष्टाची आहे, आणि ती टाळून चालणार नाही. ताजे अन्न म्हणजे दोन वेळची चूल, आणि ती चूल बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते. शेतात दिवसभर राबून आलेल्या स्त्रीने पुडा फोडून मुलापुढे ठेवला, तर दोष तिला देणाऱ्याने आधी आपले हात पाहावेत. ताज्या अन्नाचा आग्रह धरणाऱ्या पुरुषाने भाजी निवडायला, पाणी भरायला, भांडी घासायला बसावे. जो श्रमात वाटा घेत नाही, त्याला अन्नाच्या शुद्धतेविषयी बोलण्याचा अधिकार अर्धाच आहे.

चौथी शंका शिळ्या अन्नाविषयी आहे. गीतेने प्रहर उलटून गेलेल्या, रस गेलेल्या अन्नाची गणना तामसात केली आहे. मग रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाणारा शेतकरी तामस, आणि कालच कारखान्यातून निघालेले बिस्किट ताजे, असे म्हणावे काय? नाही. शब्दाचा अर्थ घड्याळाने ठरत नाही. रात्रीची भाकरी आपले वय लपवत नाही. ती कडक होते, वास बदलते, आणि खाण्याजोगी नसेल तर तसे सांगते. पुड्यातील पदार्थाचे वय बारीक अक्षरांत छापलेले असते. जिव्हेला आणि नाकाला ते कळू नये अशीच योजना केलेली असते. ज्याचा रस आधीच काढून घेतला आणि नंतर रसाचा आभास घातला, ते आजच बनले असले तरी गतरसच होय.

दात्याचे कर्तव्य

शेवटची शंका साधकाची आहे, आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. भिक्षान्न घेणाऱ्याने रुचीची निवड करू नये, झोळीत जे पडेल ते औषधासारखे सेवन करावे, ही भिक्षेची मर्यादा आहे. मग हे अन्न ताजे, हे कारखानी, असा विचार करणारा साधू निवडच करू लागला; आणि निवड करता करता त्याच्या चित्तात रुची पुन्हा घर करील. शंका खरी आहे. ताज्या अन्नाचा आग्रहही जिव्हेचे लाड होऊ शकतो. ‘असले आम्ही खात नाही’ या वाक्यात किती वैराग्य आणि किती अभिमान, हे बोलणाऱ्यालाच ठाऊक.

याचे समाधान असे की, ज्याला निवड नाही त्याचा विवेक देणाऱ्याने करावा. भिक्षा घेणारा निवडत नाही, म्हणूनच भिक्षा घालणाऱ्यावर दुप्पट भार येतो. स्वतःच्या लेकराला जे देऊ नये असे गृहस्थाला कळले, ते त्याने झोळीत घालू नये. दारी आलेल्याला दुकानातून आणलेला पुडा देणे सोपे असते. त्यात ना वेळ जातो, ना हात पिठात जातात. परंतु दानात केवळ वस्तू दिली जात नाही, आपल्या दिवसाचा काही भागही दिला जातो. आपल्या ताटातील अर्धी भाकरी दिली तर त्या देण्यात देणारा असतो. पुडा दिला तर देणारा बहुधा त्यात नसतो. हाच विचार आश्रमातील पंगत, यात्रेतील उपहार आणि लेकरांना वाटला जाणारा खाऊ यांनाही लागू करावा. शेंगदाणे-गूळ, फुटाणे, केळे, काकडी हे वाटण्याने कार्यक्रमाची शोभा उणी होत नाही.

साधूच्या झोळीत तरीही पुडा पडला, तर त्याने तो देणाऱ्याचे मन न दुखवता घ्यावा. तेथे निषेध करण्याचे कारण नाही. बोध करण्याचे ठिकाण निरूपण आहे, दार नव्हे.

सारांश

गीतेने आवड ही अंतःकरणाची खूण मानली. ती खूण खरी ठरावी यासाठी आवड आधी आपली झाली पाहिजे. घास उचलण्यापूर्वी मनुष्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे धान्य कोणते, हे मला ओळखता येते काय? हे खाण्याची इच्छा पोटातून आली की चित्रातून? आणि पुरे झाले हे मला कळेल असे हे अन्न आहे काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक आली, तर ते अन्न भाकरी असो वा लोणचे, शेतातले असो वा दुकानातले, निःशंकपणे खावे. उत्तरे तशी आली नाहीत, तर क्षणभर थांबावे. त्या थांबण्यात उसनी आवड गळू लागते. सवय एका दिवसात लागली नव्हती, ती एका दिवसात सुटणारही नाही. परंतु जी जिव्हा साखरेला सरावली तीच जिव्हा काही महिन्यांत शेंगेच्या, हुरड्याच्या, ताज्या ताकाच्या चवीला पुन्हा ओळखू लागते.

आणि ज्या घरी लेकराच्या डब्यात भाकरी जाते, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ती भाकरी ताठ मानेने द्यावी. लेकरू भाकरीबरोबर देणाऱ्याचा चेहराही पाहत असते.